उरलेल्या मेंदूचा भरवसा

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात फिट जिथून सुरू होते तो मेंदूचा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो, आणि हा भाग पुष्कळदा कानशिलाच्या आत असलेल्या टेम्पोरल लोबमध्ये सापडतो. पण याच लोबच्या पोटात हिप्पोकॅम्पस ही नव्या आठवणी पक्क्या करणारी छोटी रचना असल्यामुळे, फिट थांबवताना माणसाची स्मृती तर हिरावली जाणार नाही ना, हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच सोडवावा लागतो.

मेंदूचे दोन अर्धगोल कामे वाटून घेतात, या कल्पनेची सुरुवात स्मृतीपासून नव्हे तर वाणीपासून झाली. पॉल ब्रोका यांनी 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये बोलण्याचा संबंध डाव्या अर्धगोलाशी जोडला. मात्र एखाद्या विशिष्ट रुग्णात वाणी कोणत्या बाजूला आहे हे आधी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग जपानी वैद्य जुन वाडा यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे खुला झाला. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील एका बाजूच्या धमनीत अमोबार्बिटाल हे गुंगीचे औषध सोडले, की त्या बाजूचा अर्धगोल काही मिनिटे निष्क्रिय होतो आणि दुसरा एकटा काय करू शकतो ते पाहता येते.

या चाचणीत स्मृतीचा प्रश्न शिरला तो मात्र दुर्दैवी अनुभवांतून. 1953 मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवे काही लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती कायमची गेली. त्याहून अस्वस्थ करणारी उदाहरणे माँट्रियलची होती. तिथे केवळ डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेले दोन रुग्णही तसेच विस्मरणग्रस्त झाले होते. उजवी बाजू आधीपासूनच निकामी असावी, असा तर्क वाइल्डर पेनफिल्ड आणि ब्रेंडा मिल्नर यांनी 1958 मध्ये मांडला, आणि त्या दोन रुग्णांपैकी एकाच्या शवविच्छेदनात आक्रसलेला उजवा हिप्पोकॅम्पस आढळल्याने तो पुढे खरा ठरला.

म्हणून 1960 च्या दशकाच्या आरंभी मिल्नर आणि सहकाऱ्यांनी वाडा चाचणीला स्मृतीची जोड दिली. रुग्ण जागा असतो, दोन्ही हात वर धरून आकडे मोजत असतो. औषध पोहोचताच विरुद्ध बाजूचा हात लुळा पडतो, आणि त्या मोजक्या मिनिटांत त्याला काही वस्तू व चित्रे दाखवली जातात. गुंगी उतरल्यावर तीच इतर वस्तूंत मिसळून समोर ठेवली, की आधी पाहिलेली कोणती ते तो ओळखतो किंवा ओळखू शकत नाही. उरणारी बाजू एकट्याने आठवणींचा भार पेलेल का, एवढेच तेव्हा विचारले जात होते.

या विचारातील महत्त्वाची उणीव 1990 च्या दशकात गॉर्डन चेलून यांनी नेमकी दाखवली. उरणाऱ्या बाजूची राखीव क्षमता पाहणे पुरेसे नसून, जो हिप्पोकॅम्पस काढायचा आहे तो आज किती काम करतो हेही पाहिले पाहिजे, कारण रोगाने आधीच खंगलेली रचना काढल्याने फारसे नुकसान होत नाही, तर धडधाकट रचना गेली की माणसाचे रोजचे विस्मरण वाढते. शस्त्रक्रियेपूर्वी ज्याची शब्दस्मृती उत्तम असते त्यालाच डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेचा धोका अधिक, हे वरवर उलटे वाटणारे निरीक्षण या विचारातून उलगडते. संपूर्ण विस्मरणाच्या दुर्मीळ भीतीकडून या सर्वसामान्य हानीकडे लक्ष वळले, हे या वाटचालीतले सर्वांत मोलाचे पाऊल मानावे लागेल.

चाचणीच्या शरीररचनेतही अडचण होती. हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या भागाला रक्त मेंदूच्या मागच्या धमनीतून मिळते, त्यामुळे मानेतील धमनीतून सोडलेले औषध तिथे थेट पोहोचतेच असे नाही. शिवाय धमनीत नळी घालण्याचा धोका लहान असला तरी शून्य नाही. त्यामुळे कार्यरत मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या एफएमआरआयने वाणीची बाजू ठरवणे अनेक केंद्रांनी स्वीकारले, आणि 2017 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनेही काही रुग्णांत तो पर्याय ग्राह्य मानला. शस्त्रक्रियेनंतर शब्दस्मृतीचे काय होईल याचा अंदाज घेण्यासाठीही तिने तो विचारात घेण्याजोगा मानला. यंत्र कोणतेही असो, शब्दयादी आणि गोष्ट आठवून सांगण्याच्या कसोट्या सुटत नाहीत, आणि त्या रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत घ्याव्या लागतात: मराठी घरात वाढलेल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाला इंग्रजीतून भाषांतरित केलेली परकी गोष्ट ऐकवली, तर कमी आलेले गुण त्याच्या हिप्पोकॅम्पसचे की त्या गोष्टीचे, हे शल्यचिकित्सकाला सांगता येणार नाही.