उरलेले पाणी कुणाच्या घरात?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी कुर्ल्याच्या घराघरांत शिरली. मग दोष आला काठावरच्या झोपड्यांवर, भंगाराच्या गोदामांवर. आम्ही मान खाली घालून ऐकले; नाल्यात कचरा टाकणारे हात आमचेही होते. पण याच नदीवरून विमानतळाची धावपट्टी गेली, खारफुटी बुजवून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. ते अतिक्रमण नव्हे, विकास ठरला.

मुंबईचे जुने नाले ताशी 25 मिलिमीटर पावसाचे, तेही ओहोटी असताना. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता 50 करायला सांगितली. आता समुद्र तापतो आहे, थोड्या वेळात जास्त पाऊस कोसळतो आहे. तो आकडाही अपुरा पडतो.

आम्हाला वाटते, हा आकडा केवळ अभियंत्यांचा नाही. कोणताही नाला सगळा पाऊस वाहून नेत नाही. आकडा ठरतो तेव्हाच उरलेले पाणी कुठे साचणार, तेही ठरते. पाणी सखल भागात जाते आणि तिथे गरीबच राहतो. उंचावरची जागा त्याला परवडत नाही. मग आकडा ठरवताना त्याला कुणी विचारले? नदी रुंद करायची तर पहिले घर त्याचेच का पडावे?

आपले सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात सोडणे आम्ही गल्लीतही गैर मानतो. शहराने तेच केले, तर त्याला नियोजन कसे म्हणावे?