रंगांची रोजकीर्द

कित्येक माणसे अलीकडे आपली दिनचर्या शब्दांऐवजी रंगांत नोंदवितात. दिवस मावळला की ज्या ठिकाणी आपण वावरलो तेथला आणि तेथे मनात उठलेल्या भावाचा मिळून एकच जलरंग वहीच्या चौकोनात भरतात, खाली तिथी व गाव घालतात, आणि पान मिटतात. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्यासारखा चिंतनशील चित्रकार रेखाटने आणि टिपणे यांनी वह्या भरीत असे, हे खरे. पण शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी कचेरीचे दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनानेही अशी वही ठेवण्यास हरकत नसावी. मात्र पहिल्याच पानावर दर्शनशास्त्रांतला एक जुना तंटा रुजू होतो : या चौकोनातला रंग कोणाच्या मालकीचा, ठिकाणाच्या की मनाच्या?

नैयायिकांचा निवाडा स्पष्ट आहे. रूप हा द्रव्याचा गुण, केवळ चक्षूने ग्राह्य. ‘तर्कसंग्रहा’त अन्नंभट्टाने शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित आणि कपिश यांच्या जोडीला ‘चित्र’ हा संमिश्र असा सातवा रंग स्वतंत्रपणे मानला आहे. मनाचा तेथे हक्क नाही. उलट जैनांच्या सहा लेश्या, कृष्णापासून शुक्लापर्यंत, जीवाच्या परिणामांनाच, म्हणजे मनोभावांनाच, वर्ण लावतात, आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात करुणरसाला कपोतवर्ण, म्हणजे पारव्याचा धुरकट रंग, दिलेला आहे. अद्वैती स्फटिकाजवळ जास्वंद ठेवून दाखवितात : स्फटिकात दिसणारी लाली त्याची स्वतःची नव्हे, उपाधीची, सबब मिथ्या. या दृष्टान्तात सगळ्यांची नजर स्फटिकावर खिळलेली असते. फुलाची विचारपूस कोणी करीत नाही. रंगांची वही ठेवणाऱ्याला मात्र नेमकी तीच करावी लागते.

शेवगाव तालुक्याच्या उत्तर अंगाला नाथसागर पसरला आहे. १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी होऊन १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या या जलाशयात तालुक्यातील गावे व जमिनी बुडाल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर गाळपेर होते. सहलीला आलेला पाहुणा काठावर उभा राहून निळा चौकोन भरील आणि त्याला शांती म्हणेल. ज्याच्या वाडवडिलांच्या घराचा उंबरा त्या पाण्याखाली आहे, तो त्याच निळ्यात पारवा रंग मिसळील. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. तरीही पाहुण्याची नोंद मला अपुरी वाटते, कारण त्याने फूल पाहिलेच नाही, आपल्या स्फटिकावर पडलेली झाक तेवढी उतरून घेतली. आणि दुसऱ्याच्या रंगात दुःख अधिक असूनही जागा अधिक आहे.

भाव गाळून टाकावा, असा याचा अर्थ नव्हे. तसे करायचे तर पीकपाहणीचा तक्ता पुरेसा आहे. आधी ठिकाणाची जबानी घ्यावी, वैशाखात कोरड्या पडलेल्या काळ्या रानाला आलेली राखेची छटा आणि फुटलेल्या बोंडातल्या कापसाचा संध्याकाळी पिवळसर होणारा पांढरेपणा निरखून पाहावा, आणि मग आपला रंग त्यात घालावा. घातल्यावर मात्र तो पुन्हा वेगळा काढता येत नाही. काही नैयायिकांनी मात्र ‘चित्र’ हा सातवा रंग अमान्य केला, निरनिराळ्या अवयवांच्या रंगांनीच काम भागते असे म्हटले. नाथसागराच्या काठी बसून चौकोन भरणाऱ्याला तसे म्हणता येईल, असे मला वाटत नाही.