बदलण्याआधी एकदा

दिवाळीची सुट्टी म्हटली की आमच्या घरात लोणारचे नाव निघतेच. परभणीहून जिंतूर, मंठा करीत जायचे, सोबत खिमा-रोटीचा डबा घ्यायचा आणि विवराच्या काठावर जाऊन उभे राहायचे. हा आमचा जुना शिरस्ता. गेल्या दिवाळीत मात्र आम्ही जरा घाईनेच गेलो. लोणारच्या जतन, संवर्धन आणि विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांचा आराखडा राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केला आहे. त्यातली बांधकामे उभी राहण्याआधी आपले लोणार डोळे भरून पाहून घ्यावे, एवढाच हेतू.

काठावरच्या चहावाल्याला आम्ही मन मोकळे करून सांगितले, "आता इथली शांतता जाणार." तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही वर्षातून एकदा येता. आम्हाला रोज इथंच राहायचंय. चार माणसं जास्त आली तर आमची चूल पेटेल."

आम्ही गप्प झालो. 'आपले लोणार' म्हणताना हे 'आपले' कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झाले. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. नंतरच्या संशोधनाने ते पाच लाखांच्याही पुढे नेले. तिथल्या खाऱ्या पाण्यावर आपापल्या काळातील माणसांनी हक्क सांगितलाच आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारची दखल घेतली ती देखाव्यासाठी नव्हे, तर काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या तिथल्या क्षारांसाठी. म्हणजे आमची शांतता ही इथली पहिली मागणी नाही.

आमच्याच जिल्ह्यातले येलदरी घ्या. शाळेची सहल तिथे नेली की मुले पाण्याकडे पाहून हरखून जातात. पण पूर्णा नदीवरचे ते धरण १९६०च्या दशकातले बांधकामच आहे. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांनीही कधी तरी आपला बांध शेवटचा पाहून घेतला असेल. त्यांच्या निरोपाच्या जागी आज आम्ही सहलीचे डबे उघडतो. मग बदल नकोच, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शेवटच्या वेळी अब्बा आमच्यासोबत आले तेव्हा त्यांचे गुडघे थकले होते. ते वरच बसले. म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मला येऊन सांगा." आम्ही खाली उतरलो, पाणी पाहिले, वर येऊन त्यांना सांगितले. आज अब्बा नाहीत. चांगली वाट आणि मध्ये टेकायला बाके असती, तर कदाचित त्यांनीही ते पाणी जवळून पाहिले असते. जी गैरसोय आम्हाला निसर्ग वाटत होती, ती त्यांच्यासाठी बंद दार होती.

मग सारेच बांधून टाकावे काय? तसेही नाही. चुकीचा कठडा उद्या काढून टाकता येतो, रस्ता वळवता येतो. पण तळ्याच्या पाण्याचा गुण एकदा बिघडला तर तो परत आणणारा कारागीर कुठे मिळणार? जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. खारेपणा वाढला की रंग धरणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे झाले, असे तपासणीत दिसले. थोड्याशा फेरफारानेही एवढे बदलणारे हे पाणी आहे. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

अमानत हा शब्द आपण पैशांबाबत सहज वापरतो. आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आपली नसते, ती जशीच्या तशी परत करायची असते. जागेलाही हाच नियम लावला तर वाट सापडते. जे परत घडवता येते तिथे चहावाल्याचे आणि अब्बांसारख्यांचे ऐकावे. जे परत घडवता येत नाही तिथे कोणाचेच ऐकू नये, आपले तर मुळीच नाही.

निघताना लेकीने विचारले, "पुढच्या वर्षी हे असेच असेल का?" आम्ही म्हणालो, "वरचे बदलेल, बेटा. खालचे पाणी तसेच राहायला हवे." मग आमच्याच डब्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करून आम्ही परभणीला परत आणल्या. इतकी वर्षे त्या कुठे जात होत्या, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.