तोलामोलाचं स्थळ

गेल्या वर्षी चेन्नईतल्या एका कॉलेजाच्या स्वयंमूल्यमापन अहवालाची भाषा तपासायचं काम माझ्याकडे आलं. अनुवादकाच्या पोटापाण्याला अशी कामं लागतात. अहवालात एक पान होतं: ‘आमच्या पीअर संस्था’. सात नावं होती. त्यांतलं एक दिल्लीचं, एक बंगळूरचं, एक सिंगापूरचं. कॉलेजाच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की दुसरं कॉलेज आहे. तेच विद्यापीठ, तेच अभ्यासक्रम, त्याच मोहल्ल्यातली मुलं. त्याचं नाव यादीत नव्हतं. बैठकीत मी ते सुचवलं, तर एक क्षण सगळे गप्प झाले. मग एक वयस्कर प्राध्यापिका हसून म्हणाल्या, “ते आमच्याशी तुलना करतात, आम्ही त्यांच्याशी करत नाही.”

घरी येताना सवयीने ‘पीअर’ला मराठी शब्द शोधू लागले. ‘समकक्ष’ हा सरकारी कागदाचा शब्द, ‘समवयस्क’ फक्त वयाचा. ‘बरोबरीचा’ चांगला, पण त्यात भांडणाचाही सूर आहे. ‘माझी बरोबरी करतोस?’ असं आपण रागानेच विचारतो. शेवटी अडले ते ‘तोलामोलाचा’वर. हा शब्द मी लहानपणी ऐकला तो एकाच संदर्भात: तोलामोलाचं स्थळ. मुलीचं लग्न ठरवताना घरातली मोठी माणसं जे करत, तेच अहवालाचं ते पान करत होतं. आपल्याहून थोडं वर बघायचं, फार वर बघितलं तर लोक हसतील, आणि खालून विचारणा आली तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवायचं. तमिळमध्ये ‘इणै’ असा शब्द आहे. जोडी, तोडीस तोड, असा त्याचा अर्थ, आणि ‘असोसिएट प्रोफेसर’ला इथे ‘इणै’ लावूनच नाव देतात. जोडीत दोघं लागतात. अहवालातल्या सातांपैकी एकाही संस्थेच्या यादीत आमचं कॉलेज असणं शक्य नव्हतं. समानता हे एकतर्फी नातं कसं असू शकेल, हा माझा साधा प्रश्न होता.

तौलनिक साहित्याच्या वर्गात हा प्रश्न पहिल्या महिन्यातच भेटला होता. विल्यम जोन्सने कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटलं. गडकऱ्यांना आपण महाराष्ट्राचा शेक्सपिअर म्हणतो. शेक्सपिअरला इंग्लंडचा गडकरी कोणी म्हणत नाही. तुलनेच्या तराजूत एक पारडं जमिनीला खिळलेलं असतं आणि दुसरं आपलं वर-खाली होत राहतं. फ्रेंच तौलनिक अभ्यासक एत्यांब्ल यांनी 1963 साली आपल्या पुस्तकाला जुन्या म्हणीचंच नाव दिलं होतं. तिचा आशय एवढाच की तुलना म्हणजे युक्तिवाद नव्हे.

पण विद्यापीठांच्या बाबतीत तुलना युक्तिवादाच्याही पुढे जाते. ती इमारती बांधते. चेपॉकला समुद्रासमोर उभं असलेलं मद्रास विद्यापीठ 1857 चं, मुंबई आणि कलकत्त्याबरोबरचं. तिघांसमोर नमुना ठेवला गेला लंडन विद्यापीठाचा, आणि तो त्यांनी निवडला नव्हता; 1854 च्या वुडच्या खलित्याने ठरवून दिला होता. त्या वेळचं लंडन शिकवत नसे, परीक्षा घेई. म्हणून आपलीही विद्यापीठं परीक्षा घेणारी झाली. गंमत अशी की 1858 मध्येच लंडनने आपली रीत बदलली आणि परीक्षेला बसण्यासाठी संलग्न कॉलेजात शिकण्याची अटच जवळजवळ काढून टाकली. पुढे 1900 च्या सुमारास ते शिकवणारं विद्यापीठ झालं, आणि 1904 च्या कायद्याने आपल्यालाही शिकवायची मुभा मिळाली. संलग्न कॉलेजांचा पसारा आणि परीक्षेचं भय मात्र आजतागायत आपल्याकडेच राहिलं. ज्याच्याकडे बघून आपण उभे राहिलो तो कधीच तिथून हलला होता.

तिथून वेळचेरीची लोकल धरली तर थोड्या वेळात कस्तूरबा नगर येतं आणि जवळच आयआयटीचं जंगल लागतं. 1946 च्या सरकार समितीसमोर आदर्श होता अमेरिकेतल्या एमआयटीचा. मद्रासची आयआयटी प्रत्यक्षात 1959 मध्ये उभी राहिली ती पश्चिम जर्मनीच्या मदतीने. आज केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2019 पासून ती सर्वसाधारण यादीत पहिली असते. त्याच यादीत मद्रास विद्यापीठही असतं. एकाकडे निवडून घेतलेले विद्यार्थी आणि केंद्राचा पैसा. दुसऱ्याच्या गळ्यात संलग्न कॉलेजांच्या परीक्षा, निकाल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज. आमच्याकडे याला म्हण आहे: कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी. पण म्हण तट्टाणीला हसते, आणि तिच्या पाठीवर ओझं किती आहे हे बघत नाही, म्हणून मला ती फारशी आवडत नाही. 2024 पासून राज्य विद्यापीठांसाठी वेगळा वर्ग केला, हे उशिरा सुचलेलं शहाणपण. गुणांमध्ये दहा टक्के ‘पर्सेप्शन’ला, म्हणजे लोक तुम्हाला काय समजतात याला आहेत. तोलामोलाच्या हिशेबात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मतही धरायचंच.

अमेरिकेत शिक्षण-आकडेवारीचं सरकारी केंद्र संस्थांना दरवर्षी तुलनेचा अहवाल पाठवत आलं आहे. कोणाशी तुलना हवी ते संस्थेने सांगायचं. नाही सांगितलं तर केंद्र स्वतः गट ठरवतं. मला ही दुसरी सोय फार आवडली. आपला आरसा आपण निवडला नाही, तर कोणीतरी दुसरा धरील.

इथवर मी ठरवून टाकलं होतं की खरी बरोबरी ती, जिच्यात समोरचाही तुम्हाला आपल्या यादीत घालेल. मग कर्व्यांची आठवण झाली आणि ही कसोटी माझ्याच हातात मोडली.

फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे. त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई विद्यापीठ होतं, लंडन होतं. त्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. 1916 मध्ये पुण्याजवळ हिंगण्याला ते सुरूही झालं, मूठभर विद्यार्थिनींवर, मातृभाषेच्या माध्यमातून. टोकियोला हिंगणं माहीत असायचं काही कारण नव्हतं. शिवाय नारुसे जिंझो यांनी 1901 साली काढलेली ती संस्था नावाने विद्यापीठ असली तरी जपानच्या कायद्याने तिला तो दर्जा 1948 मध्ये मिळाला. कर्व्यांच्या विद्यापीठालाही सरकारी मान्यता स्वातंत्र्यानंतरच मिळाली. दोघं एकमेकांना न ओळखता एकाच रांगेत उभे होते.

इथे एकतर्फी तुलना खोटी का वाटत नाही? मला वाटतं, कर्व्यांनी तिथून झळाळी घेतली नाही, काम घेतलं. लंडनकडे बघून जे अशक्य दिसत होतं ते टोकियोकडे बघून शक्य दिसलं: इंग्रजीशिवाय उच्च शिक्षण. त्याची किंमतही त्यांनी मोजली. स्त्रीने गृहिणी आणि माता म्हणून शिकावं हा नारुसेंचा आग्रह कर्व्यांच्या वेगळ्या अभ्यासक्रमातही उतरला, आणि आज तो वाचताना मला टोचतो. आरसा निवडला की त्याचा डागही चेहऱ्यावर येतो.

आमच्या कॉलेजाच्या सात नावांपुढे म्हणून मी पेन्सिलीने एक रकाना आखला आणि वर लिहिलं: ‘यांच्याकडून काय घेतलं?’ सिंगापूरपुढे काही लिहिता येईना. दिल्लीपुढे कोणीतरी ‘वाचनालयाची वेळ’ लिहिलं. ते खरं होतं, इथलं वाचनालय आता रात्री आठपर्यंत उघडं असतं. त्या प्राध्यापिकाबाईंनी पेन्सिल घेतली, आठवी ओळ काढली आणि समोरच्या कॉलेजाचं नाव लिहिलं. सकाळी कामाला जाणाऱ्या मुलींसाठी दुपारची तुकडी त्यांनी आधी सुरू केली होती, आम्ही दोन वर्षांनी.

छापील अहवालात सातच नावं आली. रकाना गेला. माझं बिल मात्र वेळेवर मिळालं.