ब्लॅकआउटमधले विनोद

7 मे 2025 च्या मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड अशी तिन्ही नावं होती. यादी आली आणि आमच्या ग्रुप्सवर मीम्सचा पूर आला. "आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात ब्लॅकआउटचं ड्रिल होतंच" हे माझं. ते मी ऑफिसच्या टीम ग्रुपवरही टाकलं. भरपूर हसऱ्या इमोजी आल्या.

भीती अजिबात नव्हती असं नाही. ओझरला एचएएल आहे, देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे, त्यामुळे सोसायटीत "आपण टार्गेट आहोत का रे?" असं विचारून झालं होतं. शेजारच्या काकूंनी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या, तेव्हा आम्ही हसलो. 1971 मध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले त्यांना आठवतात, हे नंतर कळलं.

8 तारखेच्या रात्री जम्मूवर ड्रोन आले आणि तिथे खरा ब्लॅकआउट झाला. आमची एक टीममेट जम्मूची, घरूनच काम करते. शुक्रवारी सकाळच्या कॉलवर तिचा कॅमेरा बंद होता. ती म्हणाली, "कोड रिव्ह्यू राहिला, लाइट नव्हती. पण रात्रभर आकाशात डिप्लॉयमेंट चालू होतं." दोन सेकंद कुणालाच कळेना की हसायचं का. मग ती स्वतःच हसली आणि आम्ही सुटलो.

कॉल संपल्यावर मी ग्रुप वर स्क्रोल केला. माझ्या मीमला तिने अंगठा दिला होता.

तो अंगठा माझ्या डोक्यातून जात नाही. सभ्यपणा तिने पाळला, पाळायला मी हवा होता. आणि हे फक्त आमच्या टीमपुरतं नाही. पहलगाममध्ये 22 एप्रिलला 26 माणसं मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. तिथे नवरा गमावलेल्या एका तरुणीने मुसलमानांचा, काश्मिरींचा द्वेष करू नका असं सांगितलं, तर सोफ्यावर बसलेल्यांनी तिलाच ट्रोल केलं. ज्याचं सगळं गेलं त्यानेच संयम दाखवायचा, आणि ज्याचं काहीच गेलं नाही त्याला मात्र सगळं माफ, ही वाटणी कुणी केली?

माझा मित्र म्हणतो, "म्हणजे बॉम्ब पडतोय त्यानेच जोक मारायचा? बाकीच्यांनी मौनव्रत?" तसंही नाही. कॉलवर आम्ही गंभीर चेहरे करून गप्प बसलो असतो, तर ती त्या अंधारात आणखी एकटी पडली असती. तिच्या विनोदाला हसणं हीच तेव्हाची रीत होती. माझ्या मीममध्ये मात्र ती कुठेच नव्हती. टाकताना एकदाही मनात आलं नाही की हा ग्रुप जम्मूतही वाचला जातो. एवढा साधा एज केस सुटला, आणि मी दिवसभर लोकांच्या कोडमधले एज केस शोधतो!

10 तारखेला शस्त्रसंधी जाहीर झाली. सोमवारी मी तिला सॉरीचा मेसेज टाइप केला, खोडला, पुन्हा केला. तेवढ्यात तिचाच आला : "तुमच्या नाशिकचं ड्रिल कसं झालं?"

मी लिहिलं, "मी हेडफोन लावून बसलो होतो. सायरन ऐकूच आला नाही."