संशोधन हे पाचारण असू शकते का?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा सुरू होते. डॉक्टर व्हायचे की इंजिनिअर? एखादी मुलगी म्हणाली, ‘मला मेंदूवर संशोधन करायचे आहे,’ तर आईवडील विचारतात, ‘त्यात पगार काय? आणि त्याने बरे कोण होणार?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी दुसरा प्रश्न घेऊ. १९४६ साली फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल या दोघांनी, वेगवेगळ्या ठिकाणी काम करताना, चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रके रेडिओलहरींना कसा प्रतिसाद देतात हे मोजले. समोर कोणी रुग्ण नव्हता. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी त्याच तत्त्वावर चित्र मिळवले, तेही पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे. आज डोक्यातील गाठीचे निदान ज्या एमआरआयने होते, त्याचे मूळ तिथे आहे. गोरोबा काकांच्या या गावात वेगळे सांगायला नको: मडक्यातले पाणी कोण पिणार हे कुंभाराला ठाऊक नसते, तरी आवा लावताना तो कसर ठेवत नाही. पेरणारा आणि कापणारा वेगळे असले तरी आनंद दोघांचा, हेच प्रभू येशूने शोमरोनात शिष्यांना शिकवले (योहान ४).

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य प्राण्यांवरील प्रयोगांतून बालवयातील ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्यासतात. अशा कामाने उद्याच कोणी बरे होत नाही. पण ते कोणी केलेच नाही, तर परवाही होणार नाही.

मात्र या कामाला सचोटी हवी. नील्स स्टेनसेन या शरीरशास्त्रज्ञाने १६६५ साली पॅरिसमध्ये विद्वानांपुढे भाषणाच्या आरंभीच कबूल केले की मेंदूविषयी आपल्याला काही कळलेले नाही. पुढे ते कॅथलिक झाले, धर्मगुरू आणि बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. आजही विचार करताना मेंदूच्या कोणत्या भागात रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, तेवढेच यंत्र दाखवते. विस्मरण झालेल्या आजीचा मेंदू चित्रात आक्रसलेला दिसेल. तिची देवाने दिलेली प्रतिष्ठा आक्रसत नाही. हे विसरणारा संशोधक कितीही हुशार असला तरी धोक्याचा.

आता पगार. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण तिथवर पोहोचायला बारावीनंतर सहसा पाच वर्षे लागतात, आणि पुढे पीएच.डी.ची आणखी पाच-सहा. घरावर कर्ज असेल तर थोरल्या मुलीने आधी नोकरी धरणे हे पाचारण नाकारणे नव्हे. आईवडिलांचा मान राखणे हीदेखील देवाचीच आज्ञा आहे. पण ऐपत असूनही केवळ ‘लोकांना काय सांगायचे?’ म्हणून तिला अडवणे योग्य नाही.

तेव्हा मुलीला एवढेच विचारा: प्रयोगाचे उत्तर मनासारखे आले नाही, तरी खरे तेच लिहिशील ना? ती मनापासून ‘हो’ म्हणाली, तर तिला आशीर्वाद द्या.