पायथ्याशी उभे असलेले दोघे

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. पाहिलेला नसला तरी हरकत नाही. सांगतो तसा सावकाश उभा करा. काळा-पांढरा, उभ्या चौकटीतला. वर डावीकडे लाल चौकोनात पांढरी अक्षरं: 'लाइफ'. खाली लाल पट्टीवर तारीख, 23 नोव्हेंबर 1936. या अमेरिकी साप्ताहिकाचा हा पहिला अंक. फोटो मार्गारेट बर्क-व्हाइटचा. मोंटाना राज्यात मिसुरी नदीवर फोर्ट पेक धरणाचं काम चालू होतं, तिथला.

आता नजर वरून खाली उतरू द्या. काँक्रीटचे अजस्र खांब, एकामागे एक. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. आणि अगदी तळाशी दोन माणसं, इतकी लहान की पहिल्या नजरेत सुटून जावीत.

इथे थांबा. ही दोघं दिसली की नजर लगेच पुन्हा वर जाते आणि आपण म्हणतो, बापरे, केवढं हे बांधकाम! भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडा ठेवतात, आकार कळावा म्हणून. त्या दोघांचं काम तेवढंच. हातोड्याला कोणी गाव विचारत नाही.

म्हणून आज नजर वर जाऊ देऊ नका. ती जाईल; हळूच खाली आणा. त्या दोघांपाशी बसा. चेहरे दिसत नाहीत, ते कल्पनेने रंगवूही नका. एवढंच मनात धरा की त्या क्षणी त्यांना भूक होती किंवा नव्हती, पाय दुखत होते किंवा नव्हते. मंदीचे दिवस होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये या कामावर दहा हजारांहून जास्त माणसं होती. गावाकडे काम नाही, म्हणून पोटापाण्यासाठी इथे आलेली.

खांब धूसर होऊ लागले का? होऊ द्या.

जाता जाता एक गंमत. मुखपृष्ठावर दिसतं ते धरण नव्हेच, तो सांडवा आहे, मुख्य धरणापासून काही किलोमीटर लांबचा. खरं धरण मातीचं. नदीच्या तळाचा गाळ विजेवर चालणाऱ्या ड्रेजरने ओढायचा, पाण्यासकट नळांतून आणून ओतायचा, पाणी निथळलं की माती मागे राहते. चार ड्रेजर होते: गॅलाटिन, जेफरसन, मॅडिसन आणि मिसुरी. पहिल्या तीन नद्या मिळून चौथी होते. असा चिखलाचा डोंगर मुखपृष्ठावर कोण छापणार?

पान उलटा. संपादकांना बांधकामाचे भव्य फोटो हवे होते. बाईंनी ते दिलेच, पण सोबत तिथल्या माणसांचेही आणले. (याच बाईंनी पुढे 1946 साली भारतात येऊन चरख्यामागे बसलेल्या गांधीजींचा फोटो काढला.) धरणाभोवती व्हीलर, न्यू डील अशा नावांच्या वस्त्या रातोरात उठल्या होत्या. फळ्या-पत्र्यांची बिऱ्हाडं आणि दारूचे गुत्ते. शनिवारची रात्र. मजूर गुत्त्यात दाटीने बसलेत, बाया-बाप्ये नाचताहेत. आणि एका फोटोत बारच्या लांब फळीवर, मोठ्यांच्या ग्लासांच्या रांगेत, एक लहान पोर बसलेली आहे.

तिच्यापाशी जरा जास्त वेळ राहा. मला विचाराल तर मुखपृष्ठापेक्षा हा फोटो मोठा आहे. इथे कुणी कुणाच्या आकाराचं माप म्हणून उभं नाही. ग्लास ग्लासाएवढा, माणूस माणसाएवढा, पोर पोरीएवढी. तिला झोपवायला घरी कोणी नसेल, असं आपल्या मनात येतं. येऊ द्या, पण तिच्यावर दया करायची घाई नको. ती तिथे आरामात बसली आहे, आजूबाजूची माणसं ओळखीची असल्यासारखी.

पुढचं कुठल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मावणारं नाही. 22 सप्टेंबर 1938 रोजी दुपारी धरणाच्या जलाशयाकडच्या बाजूचा प्रचंड भराव, पूर्वेच्या टोकाजवळ, घसरला. आठ माणसं मेली. दोघांचे मृतदेह सापडले, सहा जणांचे कधीच सापडले नाहीत. हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये मजूर गाडले गेल्याची कहाणी अमेरिकेत चवीने सांगतात; ती खोटी आहे. ही खरी, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. चौकशी झाली, काम पुन्हा सुरू झालं, 1940 साली धरण पूर्ण झालं आणि 1943 पासून तिथे वीज तयार होऊ लागली.

श्वास सोडा. आता मनाने त्या धरणाच्या माथ्यावर उभे राहा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवताळ उतार. धरण सहा किलोमीटरहून लांब आहे. पायी जायला दीड तास सहज लागेल. गाडीने गेलात तर पाच-सात मिनिटं, कारण माथ्यावरून आता हमरस्ता जातो. आपण चालत जाऊ, पूर्वेच्या टोकापासून.